केबिन सुट्टीला पक्की

आमच्या घरात सुट्टी गुरुवारी असते आणि रविवारी नुसता रविवार असतो. हे वाक्य वाचून ज्याला काहीच खटकलं नाही, तो माणूस नक्की भोसरी-चाकणकडच्या एखाद्या कंपनीत कामाला असणार. आमच्या भागातल्या कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. कधीकाळी विजेचा भार वाटून घ्यायला तसं ठरलं म्हणतात. पुढे नवऱ्याची कंपनी भोसरीहून उठून चाकणला गेली. मशिनं गेली, माणसं गेली, कॅन्टीनचा आचारी गेला, आणि सामानाबरोबर गुरुवारही गेला.

मी पिंपळे सौदागरला दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. नंबर लावायचे, नाव-वय-तक्रार लिहून घ्यायची, घाबरलेल्या माणसाला पाणी द्यायचं आणि आत मशीन सुरू झालं की बाहेरच्यांशी जरा मोठ्याने बोलायचं, हे माझं काम. दवाखाना रविवारी बंद. त्यामुळे अठरा वर्षांच्या संसारात आमच्या दोघांच्या सुट्ट्यांची एकमेकींशी ओळखच झाली नाही. दिवाळी-दसऱ्याला दोघंही मोकळे असतो, पण ते दिवस आमचे कुठे असतात, ते सासरचे आणि माहेरचे असतात. बाकी वर्षभर मी घरी असते तेव्हा हे कंपनीत, हे घरी असतात तेव्हा मी दवाखान्यात, आणि दोघंही घरी असलो तर एक जण शिफ्ट करून आल्यामुळे झोपलेला. मला फार काही नको होतं. एक अख्खा दिवस हवा होता, जिथे नातेवाईक नाहीत अशा ठिकाणी, आणि नवरा जागा.

एप्रिलमध्ये मुलगी परीक्षा संपवून मामाकडे गेली आणि पुनावळ्यातला आमचा चौथा मजला भाकरीच्या तव्यासारखा तापायला लागला. तेव्हा मला मोबाइलवर ती जाहिरात दिसली. भीमाशंकरच्या अंगाला, धरणाच्या वर, एका शेतकऱ्याने आपल्या रानाच्या कडेला तीन लाकडी केबिन बांधल्या होत्या. पुढे छोटी पडवी, पडवीत दोन खुर्च्या, मागे डोंगर आणि डोंगरावर धुकं. एप्रिलमध्ये धुकं कुठून येणार, फोटो जुलैतला होता हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, पण मला त्या दोन खुर्च्या दिसल्या आणि बाकी काही दिसेना.

मी जेवताना म्हटलं, "आपण एकदा केबिनमध्ये जाऊया."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्यांनी विचारलं, "कुणी तक्रार केली?"

त्यांचंही चुकलं नाही. कंपनीत केबिन एकच, साहेबांची, काचेची. तिथे बोलावणं आलं की माणूस आधी शर्टाची बटणं तपासतो आणि मग आपण कुठे काय चुकलो ते आठवायला लागतो. हे मेंटेनन्समध्ये आहेत, एकोणीस वर्षांची नोकरी. त्या केबिनमध्ये दोनदा गेले होते, आणि दोन्ही वेळा घरी आल्यावर ताक पिऊन झोपले होते. मी फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा केला, खुर्च्या सोडून छपराकडे बघितलं आणि पत्र्याचे स्क्रू उलटे मारलेत म्हणाले. पण नको म्हणाले नाहीत, आणि आमच्याकडे त्याला होकार धरतात.

तिन्ही केबिन एकदमच घ्यायच्या होत्या, आणि त्या एकट्या जोडप्याला परवडणाऱ्या नव्हत्या. म्हणून त्यांच्या दोन मित्रांना सहकुटुंब सामील करून घ्यायचं ठरलं, आणि त्या गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे बैठक बसली. एक क्वालिटीवाले भाऊजी. ते कंपनीत तपासणीला असतात आणि बाहेरही असतातच. आमच्याकडे चहाला आले तरी आधी कप उजेडात धरून बघतात. दुसरे चाकणचे भाऊजी. घरची शेती, काही कंपन्यांखाली गेलेली, काही राहिलेली. ते स्वतः फर्स्ट शिफ्टला मशीन चालवतात आणि उरलेल्या वेळात कांदा करतात. तिघांच्या बायका मिळून आम्ही स्वयंपाकघरात होतो आणि भिंत पातळ असल्यामुळे बैठकीत आमचाही सहभाग होता.

क्वालिटीवाल्या भाऊजींनी सहलीची चेकशीट करून आणली होती. बेचाळीस मुद्दे. टॉर्च आहे की नाही, डासांची अगरबत्ती आहे की नाही, वाटेत पंक्चर काढणारा कुठे कुठे आहे, मुलांना उलटी झाल्यास जबाबदार व्यक्ती कोण. प्रत्येक मुद्द्यापुढे 'ओके' आणि 'नॉट ओके' असे दोन चौकोन. त्यांचा एक सिद्धांत आहे, तोही कंपनीतला. काहीही बिघडलं की लागोपाठ पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्या 'का'ला खरं कारण सापडतं. त्यांच्या बायकोने मला कांदा चिरता चिरता सांगितलं की घरी ती दुसऱ्याच 'का'ला उठून जाते.

मग दराचा विषय निघाला. जाहिरातीत लिहिलं होतं की शनिवार-रविवार दर दुप्पट. हे वाचल्यावर बाहेर जो आनंद झाला तो मी भिंतीतून ऐकला. तिघंही गुरुवारवाले. जगाला रविवारी जो डोंगर दुप्पट पैशात मिळतो तो आपल्याला गुरुवारी निम्म्यात, म्हणजे कंपनीने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी चांगलं केलं, असं त्यांचं एकमत झालं. चाकणचे भाऊजी म्हणाले की मेव्हण्याची दहा सीटांची जीप हाय, डिझेल टाकलं की झालं. गुरुवार ठरला. मला कुणी विचारलं नाही.

सगळे गेल्यावर मी भांडी आपटली. आमच्या घरात ती भाषणाची सुरुवात समजली जाते. मी म्हटलं, तुम्हा लोकांना सुट्टी, आणि मला डॉक्टर मॅडमपुढे हात पसरून रजा मागायची. यांनी साध्या सुरात विचारलं की मग रविवारी तुला सुट्टीच असते ना. तिथे माझं डोकं फिरलं.

"तुमचा गुरुवार म्हणजे सुट्टी," मी म्हटलं. "त्या दिवशी तुम्हाला कुणी उठवायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, वरण साधं चालत नाही. माझा रविवार म्हणजे आठवड्याचे कपडे, दळण, फ्रीज पुसणं. अठरा वर्षांत माझ्या रविवारला या घरात कुणी सुट्टी म्हटलेलं नाही."

हे बिघडलेल्या मशीनपुढे जसे उभे राहतात, हात पाठीमागे बांधून, तसे थोडा वेळ उभे राहिले आणि झोपायला गेले. मला वाटलं, गेलं वाऱ्यावर.

पुढच्या आठवड्यात त्यांची सेकंड शिफ्ट होती. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात आमचा संसार फ्रीजच्या दारावर चालतो. ते दुपारी दोनला निघतात, मी तेव्हा दवाखान्यात. मध्यरात्रीनंतर येतात, मी झोपलेली. सकाळी मी निघते, ते झोपलेले. मग चिठ्ठ्या लावायच्या. 'गॅसवाला येऊन गेला.' 'डाव्या बाजूचं दूध कालचं आहे.' अठरा वर्षांत आम्ही एकमेकांना लिहिलेल्या चिठ्ठ्या कुणी जपून ठेवल्या असत्या, तर दूध आणि गॅस या विषयांवरचा तो सर्वांत मोठा पत्रव्यवहार ठरला असता.

सोमवारी रात्री मी दवाखान्यातून आले तर फ्रीजवर चिठ्ठी होती. 'केबिन सुट्टीला पक्की. दर साध्या दिवसाचाच. पहाटे निघायचं, दुसऱ्या दिवशी परत.'

मी खाली लिहिलं, 'बरं. भाजी गरम करून घ्या,' आणि कामाला लागले. मंगळवारी डॉक्टर मॅडमकडे रजा मागितली. गुरुवार पूर्ण, शुक्रवार अर्धा. मॅडमनी कॅलेंडरकडे बघून उसासा टाकला आणि म्हणाल्या की जा, पण मग या रविवारी जवळच्या सोसायटीत दंत तपासणी शिबिर आहे, तिथे टेबलावर दुसरं कुणी नाही. मी आनंदाने हो म्हटलं. एका रविवारचं काय एवढं, तो काही सुट्टीचा दिवस नव्हता. मग ग्रुपवर टाकलं, 'केबिन पक्की, गुरुवारी पहाटे सहा वाजता आमच्या गेटवर.' क्वालिटीवाल्या भाऊजींनी अंगठा दाखवला, चाकणच्या भाऊजींनी नमस्कार केला. आमचे हे ग्रुप उघडतच नाहीत, तिथे सुविचार येतात म्हणून.

बुधवारी मी डांगे चौकातून गॉगल घेतला. या वयात, हो. गॉगल लावून पुढच्या सीटवर बसायचं हे मी मनात पक्कं केलं होतं. आमची लिफ्ट सकाळी हमखास अडकते, म्हणून बॅगा संध्याकाळीच वॉचमनच्या केबिनमध्ये नेऊन ठेवल्या. गुरुवारी चारला उठून दशम्या केल्या, चटणी केली. यांना उठवलं नाही, दमून आलेला माणूस, शेवटच्या मिनिटाला उठवू म्हटलं. मी अंघोळीला गेले तेव्हा बाहेरून आवाज आला, "आलोच खाली जाऊन." मला वाटलं, दाढीचं ब्लेड आणायला गेले असतील.

जीप आली, बॅगा चढल्या, दोन कुटुंबं बसली, मी पुढे बसून गॉगल लावला, आणि तेवढ्यात हे गेटमधून आत आले. हातात गरम जिलबीचा पुडा. जीपसमोर उभे राहिले. जीपकडे बघितलं, बॅगांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बघताय काय, बसा लवकर, पोचायला दहा वाजतील. ते वर जाऊन आपली अवजारांची पिशवी घेऊन आले आणि मागे बसले. जिलबी सगळ्यांनी वाटून खाल्ली आणि नवरा असावा तर असा, असं मागच्या सीटवरून दोन्ही बायका म्हणाल्या. मी गॉगलमधून ऐकलं आणि खूश झाले.

रस्ताभर मात्र यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मोबाइल कानाला लावायचे, खाली ठेवायचे, पुन्हा लावायचे. चाकणच्या चौकात अर्धा तास अडकलो तेव्हा उतरून लांब जाऊन फोन केला. राजगुरुनगर गेलं, घाट लागला, मोबाइलची रेंज गेली, तरी हे खिडकीतून हात बाहेर काढून रेंज शोधत होते. शेवटी मी मागे वळून म्हटलं की आजचा एक दिवस तरी तो फोन खाली ठेवा. त्यांनी ठेवला.

पोचलो तर जागा फोटोसारखीच होती, फक्त डोंगर पिवळा आणि धुकं नाही. तीन केबिन, तीन पडव्या. खुर्च्या मात्र दिसेनात. समोर जांभळीच्या सावलीला एक आजीबाई एकट्याच बसल्या होत्या. आम्ही आठ माणसं उतरलेली बघून त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"तुमी ऐतवारी येणार व्हता न्हवं?" त्या म्हणाल्या. "आज तर गुरवार हाय. पोरगं लग्नाला गेलंय, समदी वाडीच गेलीया."

मी पहिल्या केबिनचं दार ढकललं. ते अर्धवटच उघडलं आणि आतून चार कांदे घरंगळत माझ्या पायाशी आले. आत जमिनीपासून खिडकीपर्यंत कांदा. दुसऱ्या केबिनमध्ये कांदा. तिसऱ्यात कांदा, आणि त्या कांद्यावर माझ्या दोन खुर्च्या उलट्या ठेवलेल्या. शनिवार-रविवार पाहुणे आणि मधले दिवस कांदा, अशी तिथली पद्धत होती. ऐतवारच्या पाहुण्यांसाठी शुक्रवारी केबिन रिकाम्या होणार होत्या.

क्वालिटीवाल्या भाऊजींच्या चेहऱ्यावर तेज आलं. एवढा मोठा घोटाळा त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. तिथेच उन्हात उभं राहून त्यांनी सुरू केलं. केबिन बंद का? तर कांदा भरलाय. कांदा का भरलाय? तर आज पाहुणे येणार हे माहीत नव्हतं. माहीत का नव्हतं? तर मालकाने रविवार धरला. रविवार का धरला? तर फोनवर आपण 'सुट्टीला येतो' म्हणालो असणार, आणि कंपनीबाहेरच्या माणसाची सुट्टी म्हणजे रविवार. सगळ्यांनी वळून आमच्या यांच्याकडे बघितलं, कारण फोन यांनी केला होता. पाचवं 'का' विचारायचं राहूनच गेलं, कारण मी सुरू झाले होते.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. आजीबाईंनी सुपारी कातरायची थांबवली होती, एवढ्यावरून अंदाज करावा. दशम्यांपासून गॉगलपर्यंत सगळं बाहेर आलं. शेवटी म्हटलं, "जगात सुट्टी म्हणजे तुमचा एक गुरुवार. दुसऱ्या कुणाला सुट्टी असते हे तुमच्या डोक्यात एवढ्या वर्षांत शिरलं नाही, म्हणून आज हे झालं." दोन मित्रांसमोर, त्यांच्या बायकांसमोर, परक्या आजीबाईंसमोर. हे हात पाठीमागे बांधून उभे होते. सगळं ऐकून घेतलं आणि आजीबाईंना विचारलं, "मोटर कुठंय तुमची?" त्यांनी विहिरीकडे बोट दाखवलं. मग यांनी जीपमधून अवजारांची पिशवी काढली आणि विहिरीकडे चालू लागले. मला वाटलं, आली लाज, गेले तोंड लपवायला. सहलीला माणूस अवजारं का घेऊन येतो, हा प्रश्न मला पडला नाही. यांच्या जोडीला ती पिशवी लग्नातही असते.

इकडे चाकणचे भाऊजी पहिल्या केबिनमध्ये हात घालून कांदा दाबून बघत होते. "माल येक नंबर हाय," ते कळवळून म्हणाले, "पर हितं वारा लागंना त्येला. चार दिसांत सडंल." आजीबाई म्हणाल्या की वरच्या अंगाला वारा खेळणारी कांदा चाळ बांधून तयार हाय, वाहायला माणूस न्हाई, समदे लग्नात. झालं. सहलीला आलेली माणसं पाट्या घेऊन रांगेत उभी राहिली. तासाभरात क्वालिटीवाल्या भाऊजींनी तीन ढीग ठरवले, मोठा कांदा, बारीक म्हणजे गोल्टी आणि रिजेक्ट, आणि जोडकांद्याच्या बाबतीत आजीबाईंशी त्यांचा वाद झाला, त्यात ते हरले. त्यांची बायको मला म्हणाली की लग्नानंतर पहिल्यांदा नवरा इतका खूश दिसतोय. मी त्या उलट्या खुर्च्यांतली एक सुलटी करून पडवीत बसले. शेजारची दुसरी मी उलटीच राहू दिली.

रागाचं एक बरं असतं, भूक लागत नाही आणि वेळ जातो. चार वाजता केबिनचे मालक मोटरसायकलवरून आले. अंगात लग्नातला सदरा, बाहीला हळद, कपाळावर फेट्याचा वळ. रेंजमध्ये आल्यावर त्यांना यांचे सतरा मिस्ड कॉल दिसले होते आणि ते जेवणाचं ताट सोडून निघाले होते. रिकाम्या झालेल्या केबिन आणि भरलेली चाळ बघून ते गोंधळले आणि सरळ माझ्यापुढे येऊन हात जोडले.

"वहिनी, माझी चूक न्हाई," ते म्हणाले. "दादांना मी धा वेळा सांगितलं, रविवार नका धरू, दर दुप्पट हाय, तुमचा गुरवार बरा. तर म्हनले, न्हाई, रविवारच पायजे, त्या दिवशी बायकोला सुट्टी असती. म्हनले, तुमची मोटर बंद पडलीया न्हवं, मी येतो ती करून देतो, पर रविवार साध्या दिवसाच्या दरात द्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठले आणि विहिरीकडे निघाले. वाटेत पाटी घेऊन क्वालिटीवाले भाऊजी भेटले, त्यांनी माझा चेहरा बघून वाट सोडली.

हे विहिरीच्या काठावर मोटर उघडून बसले होते. हात ग्रीसने काळे, शर्टावर चिखल. मी शेजारी दगडावर बसले. पाचवं 'का' विचारायचं माझ्यावर आलं होतं.

"चिठ्ठीत सरळ रविवार का नाही लिहिलंत? सुट्टी का लिहिलंत?"

ते मोटरचा बोल्ट आवळत म्हणाले, "तूच म्हणाली होतीस. तुझ्या रविवारला कुणी सुट्टी म्हणत नाही."

तीन ओळींची ती चिठ्ठी मी सोमवारी रात्री वाचली होती, मंगळवारी वाचली होती, ग्रुपवर चढवली होती. अठरा वर्षं ज्या शब्दासाठी मी भांडले तो माझ्याच फ्रीजवर माझ्यासाठी लावलेला होता, आणि मी तो वाचून डोळे मिटून यांचा गुरुवार धरला. मला इतकं वाईट वाटलं की रडूही येईना. मी विचारलं, मग आज सकाळी का नाही बोललात. त्यावर ते पहिल्यांदा हसले.

"बोलणारच होतो. दशम्या बघून घोटाळा कळला, म्हणून तर जिलबी आणायला गेलो. येऊन बघतो तर तू गॉगल लावून पुढं बसलेली. उतर कसं म्हणणार?"

मग हळूहळू बाकीचं कळलं. मित्रांना गुरुवारी सावकाश सांगू, असं यांनी ठरवलं होतं. रविवारी कंपनी चालू, म्हणून रजा लागणार होती. त्यासाठी हे आपण होऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले होते, आयुष्यात तिसऱ्यांदा, आणि कुणी न बोलावता पहिल्यांदा. साहेबांनी कारण विचारलं, यांनी 'केबिनला जायचंय' असं सांगितलं, आणि साहेब म्हणाले, केबिनलाच तर आलायस. तो गुंता सुटायला दहा मिनिटं लागली म्हणे. पण रजा मंजूर झाली. त्या दिवशी यांनी ताकही प्यायलं नाही.

"रविवार अजून आहेच की," ते म्हणाले. "मालक पण हो म्हणेल. आता केबिनही रिकाम्या झाल्या."

तेव्हा मला दंत तपासणी शिबिर सांगावं लागलं.

त्यांनी पाना खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग विहिरीत बघितलं. मला वाटलं आता हे पहिल्यांदा चिडणार, आणि चिडावंच असं मला मनापासून वाटत होतं, म्हणजे हिशेब सरळ झाला असता. पण त्यांनी नुसतं बटण दाबलं. मोटर घुरघुरली, वर टाकीत पाणी पडायला लागलं आणि चाळीकडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजीबाईंनी संध्याकाळी पिठलं-भाकरी केली. रात्री केबिनमध्ये कांद्याच्या वासात झोपलो. मला खुर्चीत बसून गप्पा मारायच्या होत्या, पण दिवसभर मोटरशी झगडलेला माणूस पाठ टेकताच घोरायला लागला, आणि मी त्यांना उठवलं नाही.

रविवारचं काय झालं ते सांगायला हवं. मालकांनी आपण होऊन सगळ्यांना परत बोलावलं, कांदा वाहिल्याबद्दल फुकट. क्वालिटीवाल्या भाऊजींना शनिवारी दुपारी कंपनीतच ताप भरला. चाकणच्या भाऊजींच्या एका चुलत्याची तब्येत अचानक बिघडली, ते चुलते त्याच संध्याकाळी जीपमध्ये मागे बसलेले फोटोत दिसत होते. दोन्ही कुटुंबं पुन्हा गेली. सकाळपासून ग्रुपवर फोटो येत होते. धुतलेल्या केबिन, नव्या चादरी, नळाला पाणी, आणि पडवीत माझ्या दोन खुर्च्यांवर दोन्ही भाऊजी बसलेले. खाली लिहिलं होतं, 'सर्व ओके.'

मी तेव्हा पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये मास्क लावून बसले होते. समोर टेबल, टेबलावर फॉर्मचा गठ्ठा, आणि टेबलासमोर पन्नासेक माणसांची रांग. हे घरी झोपले असतील, झोपू देत, असं मी मनाशी म्हणत होते. रजा वाया जाऊ नये, निदान झोप तरी व्हावी. मी मान खाली घालून लिहीत होते, नाव, वय, तक्रार, पुढचा. नाव, वय, तक्रार, पुढचा.

एकदा नाव विचारलं आणि आमचंच आडनाव आलं. मी वर बघितलं. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात टोकन नंबर एकतीस. म्हणजे तासभर रांगेत उभे होते. मागे माणसं खोळंबली होती, मॅडम आतून बघत होत्या, त्यामुळे मला सगळ्यांना विचारते तेच विचारावं लागलं.

"तक्रार?"

"काही नाही," ते म्हणाले.

"मग इथे कशाला आलात?"

ते म्हणाले, "आज सुट्टी आहे ना आपली. दोनला तुझं संपेपर्यंत बसतो तिथं खुर्चीवर."

रांगेतला एक माणूस हसला. मी मास्क लावला होता ते बरं झालं. फॉर्मवर तक्रारीच्या रकान्यात 'नाही' लिहिलं, शेजारची खुर्ची सरकवून दिली आणि बत्तीस नंबर पुकारला.